इडलीच्या पिठाचा पत्रव्यवहार

श्रीरंगरावांनी आयुष्यभर मोटारींचे सायलेन्सर डिझाइन केले. आवाज कमी करणं हाच त्यांचा धंदा. तो त्यांनी फक्त स्वतःच्या बाबतीत कधी केला नाही, असं त्यांची बायको सीमा म्हणायची, आणि रिटायर झाल्यापासून त्यांनाही ते पटायला लागलं होतं. मिशिगनमधल्या ट्रॉयच्या त्या चार बेडरूमच्या घरात आता ऐकायला दोनच माणसं उरली होती, आणि त्यातलं एक ते स्वतः होते.

या आवाजाचा सगळ्यात जास्त मार खाल्ला होता तो त्यांच्या मुलीने, रुचाने. रुचा नॉर्थ कॅरोलायनातल्या एका विद्यापीठात विज्ञानाचा इतिहास शिकवायची. तीन-चारशे वर्षांपूर्वी युरोपातले विद्वान एकमेकांना पत्रं लिहून आपापले शोध कळवायचे, ती पत्रं हा तिचा विषय. 'आमची रुचा लोकांची जुनी पत्रं वाचते,' असं श्रीरंगराव मंडळाच्या गणपतीत जमलेल्यांना सांगायचे. 'आपण वाचली तर चोंबडेपणा, तिने वाचली तर पीएचडी!' लोक हसायचे. पहिल्या वर्षी रुचाही हसली. पण श्रीरंगरावांचा स्वभाव असा, की एकदा चाललेलं डिझाइन ते बदलत नसत. तोच विनोद त्यांनी आठ गणपती चालवला. सहाव्या की सातव्या वर्षापासून रुचा गणपतीला यायची बंद झाली. तिला वेळ नसेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

तिची नोकरी पक्की नव्हती. दर वर्षी करार, दर वर्षी धाकधूक. श्रीरंगराव फोनवर दर वेळी म्हणायचे, "डेटा सायन्सला जा. तुझ्यासारख्या मुलीला कुणीही उचलेल." मग त्या थँक्सगिव्हिंगला रुचा आली आणि जेवता जेवता म्हणाली, "ओके बाबा, यू विन. शार्लटच्या एका बँकेची ऑफर आहे. मार्चच्या एक तारखेपर्यंत कळवायचंय. मी बहुतेक हो म्हणणार."

आठ वर्षं ज्याची वाट पाहिली ते वाक्य पानात येऊन पडलं होतं. श्रीरंगराव म्हणाले, "गुड डिसिजन." आणि पुढ्यातला पमकिन पाय त्यांना गोडच लागेना.

का लागेना, ते त्यांना कळलं नाही. पोरीचा चेहरा समोरच्याला जिंकू देणाऱ्या माणसाचा नव्हता, हरलेल्या माणसाचा होता, एवढं मात्र दिसलं. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, "पण काय गं, त्या पत्रांत असायचं तरी काय?"

सीमाने चमचा खाली ठेवला. आठ वर्षांत हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदा विचारला होता.

रुचाने आधी त्यांच्याकडे संशयाने पाहिलं. यामागून विनोद येतोय का, हे तिने जरा थांबून बघितलं, आणि मग ती सांगायला लागली. तेव्हा विज्ञानाची मासिकं नव्हती. एकाने दुर्बिणीतून काही पाहिलं, की तो दुसऱ्या शहरातल्या मित्राला लिहायचा. मित्र ते चार लोकांत मोठ्याने वाचायचा, उतरवून घ्यायचा, पुढे धाडायचा. पत्राबरोबर कधी बिया जायच्या, कधी चित्रं. ग्रहण असलं की वेगवेगळ्या गावांतून लोक ते बघायचे आणि आकडे एकमेकांना कळवायचे. "एकाला लिहिलेलं पत्र एकट्याचं नसायचंच, बाबा. सगळ्यांना माहीत असायचं की हे पुढे जाणार." बोलता बोलता ती हातवारे करायला लागली, पमकिन पाय खायचं विसरली. श्रीरंगरावांनी तिला असं बोलताना पाहिलं नव्हतं. पाहिलं नव्हतं म्हणजे, ऐकून घेतलं नव्हतं.

ती परत गेली आणि श्रीरंगराव अस्वस्थ झाले. इंजिनिअरला गोष्ट वाचून कळत नाही, बनवून कळते. त्यांनी ठरवलं, आपण हे बनवून बघू.

बनवायचं म्हणजे पत्रं लिहायला माणसं हवीत. शुगर लँडला राजीव होता, त्यांचा शाळेपासूनचा मित्र. हृदयाचा डॉक्टर, आता रिटायर. बायको नातवंडांकडे सिअ‍ॅटलला गेली की तो महिनोन् महिने एकटा. मॉरिसव्हिलला कांचनवहिनी होत्या. त्या पूर्वी ट्रॉयलाच शेजारी राहायच्या, त्याआधी नागपूरच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवायच्या, आणि नवरा गेल्यावर मुलाकडे राहायला गेल्या होत्या. रुचाच्या घरापासून वीस मिनिटांवर. 'कांचनकाकूंकडे जात जा गं,' असं श्रीरंगरावांनी रुचाला कितीदा तरी सांगितलं होतं. ती 'बघते' म्हणायची. 'बघते' याचा अर्थ 'जात नाही' हे ओळखण्याइतके आपण हुशार आहोत, अशी त्यांची खात्री होती.

विषयही ठरला. ग्रहण काही रोज लागत नाही. इडलीचं पीठ रोज लागतं. ट्रॉयच्या थंडीत ते फुगत नाही, शुगर लँडच्या दमटपणात भांड्याबाहेर येतं, मॉरिसव्हिलला मधलं काहीतरी होत असणार. तिघांनी एकाच रविवारी, एकाच मापाचं पीठ काचेच्या बरणीत घालायचं, सुरुवातीच्या पातळीवर रबरबँड लावायचा, आणि ते किती चढलं ते रात्रभर ठरावीक वेळाने पट्टीने मोजायचं.

मग श्रीरंगरावांनी नियम केले. नियम केल्याशिवाय त्यांना चहासुद्धा करता येत नसे. पहिला, हातानेच लिहायचं. दुसरा, आलेलं पत्र घरात जो असेल त्याला मोठ्याने वाचून दाखवायचं. तिसरा, आलेलं पत्र जसंच्या तसं उतरवून पुढे धाडायचं, एक शब्दही गाळायचा नाही. ट्रॉयहून शुगर लँड, तिथून मॉरिसव्हिल, तिथून परत ट्रॉय. आपलंच पत्र फिरून आपल्याकडे आलं, की ते मूळ प्रतीशेजारी ठेवून वाटेत काय बिघडलं ते तपासता येतं. त्यासाठी त्यांनी एक लाल पेन आणलं.

राजीवचा फोन आला. "श्री, यार, व्हॉट्सअ‍ॅप फुकट आहे, माहितीये ना तुला?"

"हे सायन्स आहे," श्रीरंगराव म्हणाले.

"हे इडली आहे," राजीव म्हणाला. पण तो सामील झाला. एकट्या माणसाला पोस्टमन येणं हेसुद्धा काहीतरी असतं.

कांचनवहिनींनी लिहिलं: 'भावजी, उत्साहाचं कौतुक वाटतं. माझ्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे लिहिणं-वाचणं बंद. पण शनिवारी एक मुलगी येते माझ्याकडे. ती वाचून दाखवेल, मी सांगेन तसं लिहील.' अक्षर इतकं नेटकं होतं, की श्रीरंगरावांनी ते सीमाला दाखवलं. "बघ. मंडळाची कुणी व्हॉलंटियर असणार. नाहीतर आपली! 'बघते' म्हणे."

सीमाने पत्र हातात घेतलं, थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "छान आहे अक्षर." एवढं बोलून ती डाळ भिजवायला गेली.

पहिल्या फेरीत शुगर लँडचं पीठ बरणीतून निघून काउंटरवर फिरायला गेलं. मॉरिसव्हिलचं शहाण्यासारखं चढलं. ट्रॉयचं पीठ रात्रभर हळूहळू, जेमतेम बोटभर चढत होतं. किंवा असावं. कारण पहाटेची मापं घ्यायच्या वेळी मुख्य निरीक्षक घोरत होते. सकाळी उठून त्यांनी पहिला आकडा आणि शेवटचा आकडा घेतला, आणि मधली जागा तीस वर्षांच्या अनुभवाने भरून काढली. वक्र रेषा फार सुरेख आली. मॉरिसव्हिलहून त्यांच्या पत्राची नक्कल परत आली तेव्हा तळाशी एक टीप होती: 'ट्रॉयचे आकडे अतिशय देखणे आहेत. खरं पीठ इतकं आज्ञाधारक नसतं. निरीक्षकाला मध्ये झोप लागली असावी.'

श्रीरंगरावांचे कान तापले. नागपुरात जन्मभर पोरांच्या प्रॅक्टिकलच्या वह्या तपासलेल्या बाई, त्यांना कोण फसवणार! दुसऱ्या फेरीला ते गजर लावून उठले आणि बेसमेंटमध्ये घर तापवणाऱ्या फर्नेसपाशी खुर्ची टाकून पिठासमोर बसले. आपण अडुसष्टाव्या वर्षी स्वेटर घालून पट्टीने पीठ मोजतोय, हे त्यांना दिसत होतं. 'शाबास श्रीरंगराव,' ते स्वतःला म्हणाले, 'गाड्यांनी काय वाईट केलं होतं तुमचं!'

त्याच फेरीत त्यांनी राजीवला पकडला. कांचनवहिनींनी पत्रात मध्येच लिहिलं होतं, की गुडघा दुखतो आणि सून जिना चढू देत नाही, म्हणून बरणी खालीच ठेवली. मॉरिसव्हिलच्या पुढच्या पत्राबरोबर राजीवने केलेली त्याची नक्कल आली, त्यात गुडघा नव्हता. श्रीरंगरावांनी लाल पेनाने 'त्रुटी' असं लिहिलं आणि राजीवला दोन पानं खरमरीत पाठवली. 'काय महत्त्वाचं आणि काय नाही, हे ठरवणारा तू कोण? गुडघ्यामुळे बरणी खाली राहिली, खालचं तापमान कमी, म्हणून पीठ कमी फुगलं. गुडघा हासुद्धा डेटाच आहे. यापुढे एक शब्द गाळशील तर याद राख.'

राजीवने एका ओळीचं उत्तर दिलं: 'यापुढे तू शिंकलास तरी उतरवीन.'

खरी गंमत पुढेच झाली. पत्रं उतरवायला बसलं, की हात सावकाश चालतो आणि डोळ्यांना ओळी टाळता येत नाहीत. एरवी मेसेज वाचताना श्रीरंगराव आकडा शोधायचे, बाकी सोडून द्यायचे. आता त्यांना सगळं लिहावं लागत होतं. पीठ किती चढलं, याच्या मागेपुढे राजीव लिहायचा, की घरात इतकं शांत असतं की फ्रिज सुरू झाला तरी बरं वाटतं. चाळीस वर्षांच्या फोनमध्ये तो हे कधी बोलला नव्हता. किंवा बोलला असेल. त्या वेळी श्रीरंगराव स्वतः बोलत असतील.

मग एका दुपारी त्यांना रुचाचं पुस्तक आठवलं. तिने ते दोन वर्षांपूर्वी सही करून दिलं होतं. घरभर शोधलं, कपाटं उलथीपालथी केली. शेवटी ते सापडलं कॉम्प्युटरच्या मॉनिटरखाली. मॉनिटर डोळ्यांच्या रेषेत यावा म्हणून नेमक्या त्या जाडीचं काहीतरी हवं होतं, आणि त्यांनीच ते तिथे ठेवलं होतं. मॉनिटर खाली आला, पुस्तक वर आलं. पहिल्या पानावर 'बाबांना, वाचाल तेव्हा' असं लिहिलेलं होतं.

श्रीरंगरावांनी ते वाचलं. अर्धं कळलं नाही, तिथे त्यांनी पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्हं केली. पण कळलं त्यात त्यांचा जीव अडकला. रुचा मोठमोठ्या शोध लावणाऱ्यांबद्दल लिहीतच नव्हती. ती लिहीत होती त्यांच्याबद्दल, ज्यांनी ती पत्रं बसून उतरवली. कुणाची बहीण, कुणाचा कारकून, कुणाची विधवा. मूळ पत्रं जळाली, हरवली. यांच्या नकला राहिल्या म्हणून शोध राहिले. आणि नक्कल करणाऱ्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. ती नावं ही पोर आठ वर्षं शोधत होती.

फेब्रुवारी निम्मा संपला होता. सीमा रोज रुचाशी बोलायची. "अजून तिने कळवलेलं नाही बँकेला," ती म्हणाली. "काही सांगायचं असेल तर फोन करा ना तिला."

"करतो," श्रीरंगराव म्हणाले.

त्यांनी दोनदा फोन हातात घेतला. काय म्हणणार? आठ वर्षं सोड, सोड म्हणून डोकं खाल्लं, आणि आता ती सोडतेय तर सोडू नकोस? कुठल्या तोंडाने? फोन ठेवला आणि ते पिठाचं पत्र लिहायला बसले. तिसऱ्या फेरीचे आकडे झाले, तापमान झालं, आणि मग हात थांबेना.

'राजीव, हे फक्त तुझ्यापुरतं,' त्यांनी लिहिलं. 'रुचाचं पुस्तक वाचलं. मॉनिटरखालून काढून. ती काय करतेय ते मला तुमची पत्रं उतरवताना कळलं, आणि ती मला आठ वर्षं सांगत होती. मी तिची गणपतीत थट्टा करत बसलो. इतकं चांगलं काम माझ्या घरातल्या माणसाने केलंय आणि मी त्यावर मॉनिटर ठेवला. आता ती सोडतेय. माझंच ऐकून सोडतेय. तिने सोडू नये रे. पण हे सांगायचा हक्क मी घालवून बसलोय.'

पत्र टाकलं आणि त्यांना हलकं वाटलं. बरेच दिवस वाटलं. मग एका सकाळी दात घासताना त्यांना तिसरा नियम आठवला. तोंडात फेस तसाच ठेवून त्यांनी शुगर लँडला फोन लावला.

"राजीव, माझं पत्र... तू पुढे नाही ना पाठवलंस?"

"म्हणजे काय? त्याच दिवशी," राजीव अभिमानाने म्हणाला. "एक शब्द गाळला नाही. 'हे फक्त तुझ्यापुरतं' हेसुद्धा उतरवलं. डेटा आहे ना यार तो."

"अरे गाढवा, ते खासगी होतं!"

"श्री," राजीव म्हणाला, "गुडघासुद्धा खासगीच असतो."

श्रीरंगरावांनी फोन ठेवला. ते तसेच बाथटबच्या काठावर बसले. आयुष्यात एक नियम त्यांनी असा बनवला होता की तो खरोखर चालला, आणि चालून नेमका त्यांच्याच अंगावर आला. आता कांचनवहिनी वाचणार. वाचणार कसल्या, ती कोण मंडळाची पोरगी त्यांना मोठ्याने वाचून दाखवणार. म्हणजे पुढच्या गणपतीत अख्ख्या नॉर्थ कॅरोलायनात श्रीरंगरावांचा विनोद होणार. होऊ दे, त्यांना वाटलं. आपली पाळी आहे. दुःख त्याचं नव्हतंच. जिला कळायला हवं, तिला सोडून बाकी सगळ्यांना कळणार होतं, आणि एक तारीख चार दिवसांवर आली होती.

"फोन करा," सीमा दारातून म्हणाली.

त्यांनी केला. त्या दिवशी खरंच केला. तो वाजत राहिला आणि व्हॉइसमेलवर गेला. बीप झाल्यावर श्रीरंगराव म्हणाले, "रुचा, बाबा बोलतोय. तिकडे हवा कशी आहे?" आणि त्यांनी फोन ठेवला. मग बराच वेळ स्वतःला शिव्या दिल्या.

एक तारीख आली तशी गेली. रुचाचा फोन आला नाही, आणि सीमाला विचारायचा त्यांना धीर होईना. उत्तर त्यांना माहीत होतं. आठ वर्षं त्यांनीच तर ते पढवलं होतं.

दोन तारखेला मॉरिसव्हिलचं पाकीट आलं. श्रीरंगराव नेहमीप्रमाणे टेबलाशी बसले. डावीकडे आपल्या पत्राची मूळ प्रत, उजवीकडे फिरून आलेली नक्कल, हातात लाल पेन. बोट ठेवून ओळ न् ओळ जुळवायला लागले. तापमान बरोबर. तांदूळ-उडदाचं प्रमाण बरोबर. आकडे सगळे बरोबर. शेजारी समासात टीप: 'या खेपेला निरीक्षक जागा होता. पीठ खरं वाटतं.'

पुढे 'राजीव, हे फक्त तुझ्यापुरतं' ही ओळ यायला हवी होती. ती नव्हती. तिथे तेवढीच जागा कोरी सोडलेली होती, आणि जागेच्या मधोमध चौकोनी कंसात लिहिलं होतं: 'मूळ पत्रात इथे काही ओळी आहेत. त्या लेखनिकाने उतरवल्या नाहीत. स्वतःकडे ठेवून घेतल्या. तिसरा नियम मोडला, त्याबद्दल सॉरी.'

त्याखाली आणखी एक ओळ होती. 'लेखनिकाने बँकेला नकार कळवला आहे. विद्यापीठाचा पुढच्या वर्षीचा करार आहे, पगार जुनाच. आणि हवा छान आहे, बाबा.'

श्रीरंगराव त्या अक्षराकडे बघत राहिले. 'ल' ची ती गाठ, 'श' चं ते वळण. रविवारच्या मराठी शाळेचा गृहपाठ म्हणून याच टेबलावर, तिच्या बोटांवर आपली बोटं धरून, त्यांनीच ते गिरवून घेतलं होतं. तीन महिने तेच अक्षर त्यांच्या घरात येत होतं, आणि ते मंडळाच्या व्हॉलंटियरचं कौतुक करत होते.

"तुला माहीत होतं?" त्यांनी सीमाला विचारलं.

"पहिल्या पत्रापासून," सीमा म्हणाली. "काकूंकडे जात जा, असं तुम्हीच सांगितलं होतं ना तिला? जाते ती. दर शनिवारी."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही कुठे विचारलंत?"

श्रीरंगरावांना रडू आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग कामाच्या माणसासारखे ते पुन्हा पत्राकडे वळले. तपासणी अर्धवट सोडायची त्यांना सवय नव्हती. डावीकडे त्यांच्या हातच्या ओळी होत्या, उजवीकडे कोरी जागा, आणि इतका मोठा फरक या तीन फेऱ्यांत एकदाही निघाला नव्हता.

त्यांनी लाल पेनाचं टोपण काढलं, त्या कोऱ्या जागेच्या शेजारी समासात 'त्रुटी नाही' असं लिहिलं, आणि फोन उचलला.